परक्या हातचे माप

हॉटेलातील अन्न प्रकृतीस बाधक असते, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की, तिची शहानिशा करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः हॉटेलच्या मुदपाकखान्यात शिजणारी तूरडाळ, बटाटा, कोबी आणि तांदूळ हे जिन्नस बहुधा त्याच घाऊक बाजारातून आलेले असतात, जेथून आपला वाणी आपला माल उचलतो; अग्नी तोच, पाणी तेच, मसालेही तेच. फरक पडतो तो मापात. घरी तेलाची पळी ज्या हातात असते, तो हात जेवणाऱ्याचे वय, त्याचे दुखणे, त्याचे आदल्या रात्रीचे जागरण जाणत असतो आणि न सांगता मीठ आवरते घेतो. हॉटेलात ती पळी अशा माणसाच्या हाती असते, ज्याला आपले नावही ठाऊक नसते आणि ज्याची रोजी आपल्याला पहिला घास आवडण्यावर अवलंबून असते. बाहेर जेवावयास बसताच माप परक्याच्या हाती जाते. ते काही अंशी तरी आपल्या हाती परत कसे घ्यावे, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

मापाची गोष्ट काढली म्हणजे प्रथम हिशेब हवा. आपल्या देशात या हिशेबाचे काम १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी उघडलेल्या एका लहानशा प्रयोगशाळेत सुरू झाले. तीच संस्था १९५८ साली हैदराबादेस गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. या संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत, दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी जे ताट आखून दिले आहे, त्यात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम दाणे-बदामासारखा मेवा आणि अवघे २७ ग्रॅम तेल-तूप आहे. हे आकडे हॉटेलच्या टेबलावर मांडून पाहिले की दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली सर्वांना ठाऊक असलेली: २७ ग्रॅम म्हणजे दिवसभराचे मिळून चहाचे सहा चमचे तेल, आणि तर्रीने माखलेल्या एका वाटीभर भाजीत त्यातील मोठा हिस्सा एका बैठकीत खर्ची पडतो. दुसरी मात्र फारशी कोणाच्या मनात येत नाही, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. ती अशी की, हॉटेलच्या पाचपन्नास पदार्थांच्या यादीत पालेभाजी जवळजवळ नसते, आणि चारशे ग्रॅम भाजी तर दोन वेळा बाहेर जेवूनही पोटात जात नाही. बाहेरच्या जेवणातील आधिक्याविषयी आपण तक्रार करतो, त्यातील उणिवेची मात्र आपल्याला खबरही नसते. म्हणून ज्याला नोकरीपायी आठवड्यातून चारपाच वेळा बाहेर जेवणे भाग आहे, त्याने तेलाचा विचार करण्याआधी, राहून गेलेली मेथी, चाकवत, पालक आणि फळे घरच्या उरलेल्या जेवणांत कशी भरून काढता येतील याची तजवीज करावी, हे उत्तम.

आता हे परक्या हातचे माप सर्वत्र सारखेच बेफाम असते असे नाही, आणि याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या मुंबईच्या गिरणगावानेच घालून दिलेला आहे. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले हजारो गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळींतून गाळ्यागाळ्याने राहत आणि शेजारच्या खोलीत चूल पेटवणाऱ्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीने जेवत. या खानावळवाल्या बायांचा धंदा उधारीवर चाले. वाण्याचे देणे, सावकाराचे व्याज आणि कामगाराचा महिनाअखेरचा पगार यांच्या कात्रीत त्या वर्षानुवर्षे सापडलेल्या असत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या स्त्रियांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना लहान रकमांची कर्जे मिळवून दिली, ही हकीकत स्त्रियांच्या चळवळीच्या इतिहासात योग्य त्या मानाने नोंदली गेली आहे. मात्र आहाराच्या दृष्टीने त्या खानावळींकडे फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही. त्या जेवणात भाकरी किंवा चपाती, एखादी उसळ, आमटी आणि भात असे. तेल बेताचे, कारण तेल महाग. डाळ-कडधान्य नित्याचे, कारण दिवसभर मागावर उभे राहणाऱ्या माणसाला त्यावाचून चालत नसे. आणि मसाला मध्यम, कारण रोज जेवणाऱ्याला रोज झणझणीत खाऊन निभत नाही. येथे खानावळवालीचा फायदा आणि जेवणाऱ्याची प्रकृती या दोन गोष्टी एकाच दिशेने चालत होत्या. कामगार आजारी पडला तर त्याचे खाडे पडत, खाडे पडले तर पगार घटे, आणि पगार घटला तर खानावळीचे देणे थके.

याच्या उलट, जे हॉटेल आयुष्यात एकदोनदाच येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालते, त्याला उद्याच्या प्रकृतीशी कर्तव्य नसते. त्याला आजची चव साधावयाची असते, आणि तेल, मीठ व साखर या तीन गोष्टींइतकी चव झटपट साधणारी दुसरी वस्तू नाही. यात मालकाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही, हा धंद्याचा स्वभावच आहे. म्हणून परगावी गेल्यावर जेवणाची जागा निवडताना मी एकच कसोटी सर्वांआधी लावतो: येथे रोजचे गिऱ्हाईक जेवते काय? दुपारी एकच्या सुमारास जेथे बँकेतले कारकून, औषधविक्रेते आणि कोर्टाच्या आवारातले मुन्शी कूपन देऊन राईसप्लेट घेताना दिसतात, तेथील अन्न रोज खाता येण्याजोगे असते, कारण ते रोज खाल्ले जाते. पाटीवरील सजावट, दिव्यांचा झगमगाट आणि मेन्यूकार्डाची जाडी यांवरून असा निष्कर्ष कधीच निघत नाही.

मेन्यूकार्ड जाड असले म्हणजे पदार्थ पुष्कळ असतात, हा तर निव्वळ भास. बहुतेक मोठ्या हॉटेलांतील स्वयंपाकघरात सकाळीच तीनचार पातेली भरून ग्रेव्ह्या तयार होतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी, आणि लोणी-टोमॅटोची मखनी, अशा या मूळ ग्रेव्ह्यांतून संध्याकाळी माखनवाला, कढाई, हंडी, शाही आणि व्हेज कोल्हापुरी अशी नाना नावांची संतती निपजते. हे रहस्य ज्याला कळले, त्याला हॉटेलात काय मागावे आणि काय मागून उपयोग नाही, हेही कळते. पुष्कळ लोक ऑर्डर देताना वेटरला ‘तेल कमी टाका’ असे सांगतात आणि समाधानाने बसतात; परंतु सकाळी ग्रेव्ही परततानाच जे तेल तिच्यात मुरले, ते संध्याकाळच्या विनंतीने कमी होण्याची शक्यता नसते. ग्रेव्हीत तेल अधिक घालण्यास कारणेही आहेत: ते मसाल्याचा गंध धरून ठेवते, ग्रेव्ही कोरडी पडू देत नाही आणि वर तवंग आला की भाजी दिसावयास भरजरी दिसते. गिऱ्हाइकाच्या हाती उरते ते केवळ शेवटचे संस्करण. वरून पडणारी मलई, लोण्याचा गोळा, रोटीवर फिरणारा तुपाचा ब्रश आणि दालफ्रायवर ओतला जाणारा तडका या चार गोष्टी ऑर्डर दिल्यानंतर घडतात, आणि म्हणून त्या चार गोष्टींविषयीच बोलावे. ‘रोटी बिनलोण्याची, तडका निम्मा, मलई नको’ असे नेमके सांगितले तर ते आचाऱ्याच्या कानी पडते आणि पाळलेही जाते. यापुढची पायरी म्हणजे जे पदार्थ मुळातच या ग्रेव्ह्यांवाचून बनतात ते निवडणे: तंदुरात भाजलेले चिकन किंवा पनीर, साधे वरण, दही, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. तंदुरी रोटी मैद्याची आहे की कणकेची, हेही एकदा विचारून घ्यावे; भाजल्यावर नुसत्या रंगावरून ते नेहमी कळत नाही.

थाळीचा प्रश्न निराळा आहे, आणि तो तेलापेक्षा अधिक खोल जातो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील बार्बरा रोल्स यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, माणसांना एकच पदार्थ वेगवेगळ्या दिवशी ५०० ग्रॅमपासून १००० ग्रॅमपर्यंतच्या निरनिराळ्या मापांत वाढला आणि प्रत्येकाला पोटभर खाण्याची मुभा दिली. तेव्हा असे आढळले की, सर्वांत मोठे माप समोर आले त्या दिवशी लोकांनी सर्वांत लहान मापाच्या मानाने सुमारे ३० टक्के अधिक खाल्ले. भूक तीच, माणसे तीच. वाढले ते केवळ समोरचे माप. याच संशोधिकेने त्याआधी, १९८० च्या दशकात, दुसरी एक गोष्ट दाखवून दिली होती: एका चवीने माणसाची तृप्ती होते ती मुख्यत्वे त्याच चवीपुरती, आणि नवी चव समोर येताच भूक पुन्हा डोके वर काढते. आमरस, फरसाण, दोन भाज्या, कढी, खिचडी आणि चार प्रकारची पक्वान्ने ज्या अमर्याद थाळीत एकामागून एक येत राहतात, तिच्यावर बसल्यावर आपण का थांबत नाही याचे उत्तर या दोन निष्कर्षांत आहे. इच्छाशक्तीला दोष देण्यात अर्थ नाही. शरीराच्या एका जन्मजात रचनेवर ती थाळी उभारलेली आहे. माटुंग्याला १९४२ साली उघडलेल्या ए. रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगसारख्या जुन्या भोजनालयांनी लिमिटेड आणि अनलिमिटेड असे दोन दर ठेवण्याचा जो शिरस्ता पाडला, त्यातील पहिल्या दराचा लाभ घेण्यात कमीपणा मानू नये. शासनानेही एकदा असे माप कागदावर उतरवले आहे: २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण, असा तपशील शासननिर्णयातच दिलेला होता. त्यातील वरण मला थोडे वाटते, कारण शंभर ग्रॅम पातळ वरणात डाळ मूठभरही नसते. परंतु जेवणाऱ्याला आपण किती खाल्ले हे ग्रॅमात सांगता यावे, ही सोय मोठी आहे.

आपल्या परंपरागत पानात वाढण्याचा जो क्रम आहे त्याचा उपयोगही हॉटेलात करून घेता येतो. वाटीभर कोशिंबीर, उसळ आणि भाजी आधी खावी, वरण प्यावे, आणि पोळी-भाताकडे त्यानंतर वळावे. भाजी व प्रथिने आधी पोटात गेली की जेवणानंतरची रक्तातील साखर कमी उसळते, असे अलीकडील प्रयोगांतूनही दिसून आले आहे. पोट भरल्याचा निरोप आतड्यातील संप्रेरकांमार्फत मेंदूस पोहोचण्यास पंधरावीस मिनिटे लागतात, म्हणून टेबल लवकर मोकळे व्हावे याकरिता घाई करणाऱ्या हॉटेलात पहिली फेरी संपल्यावर थोडे थांबूनच दुसरी मागवावी. वाग्भटाने अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पून दोन घन अन्नाने आणि एक पेयाने भरावा व चौथा वाऱ्याच्या संचारासाठी मोकळा ठेवावा असे सांगितले आहे. त्या काळी हे सांगण्याची गरज पडली, यावरून अमर्याद थाळीचा मोह फार जुना असावा.

मिसळीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण महाराष्ट्रात घराबाहेर सकाळी खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांत तिच्याइतका गुणी आणि तिच्याइतका बिघडवता येणारा पदार्थ दुसरा नाही. तिचा गाभा म्हणजे मोडाची मटकी, आणि प्रथिने व तंतू यांच्या दृष्टीने याहून चांगली न्याहारी सांगता येणार नाही. बिघाड होतो तो भोवतालच्या लवाजम्याने: वरचा कट, खालचे फरसाण आणि सोबतचे मैद्याचे पाव. कोल्हापुरात कट म्हणतात, नागपुराकडे तर्री म्हणतात, पुण्यात सॅम्पल मागतात. नावे अनेक असली तरी रश्श्यावर तरंगणारे लाल तेल सर्वत्र एकच. परंतु मिसळीचा एक गुण असा की, तिची मांडणी गिऱ्हाइकाच्या देखत होते, म्हणून येथे माप आपल्या हाती घेणे सर्वांत सोपे. ‘उसळ जास्त, फरसाण वरून चिमूटभर, कट वाटीत वेगळा, कांदा आणि लिंबू भरपूर’ असे सांगितल्यावर कोणताही मिसळवाला नकार देत नाही. दोन पावांऐवजी एक घ्यावा आणि उरलेली भूक दुसऱ्या वाटीभर उसळीने भागवावी. उडुपी हॉटेलातील इडली-सांबार, विशेषतः सांबारात भाज्या असतील तर, निर्धास्तपणे खावे. साधा डोसाही चांगला, पण मैसूर मसाल्याचे नाव घेताच लोणी येते. वडा, भजी आणि समोसा यांच्याबद्दल एवढेच म्हणतो की, ते क्वचित खावेत आणि कढई पाहून खावेत. तेल पुनःपुन्हा तापवले की त्यात नाना अपायकारक संयुगे साठत जातात. म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर जाऊ नये असा नियम लागू केला. ते प्रमाण मोजण्याचे साधन आपल्यापाशी नसते. परंतु काळपट, चिकट, फेसाळणारे आणि तापण्याआधीच धुरावणारे तेल ओळखावयास डोळे पुरेसे आहेत.

कोकणात आणि गोव्यात उतरणाऱ्या प्रवाशाला परमेश्वराने अधिक चांगली निवड देऊ केली आहे. मालवणी खानावळीत सुरमईच्या तळलेल्या तुकडीसाठी गर्दी लोटते, पण खरा लाभ बांगड्याच्या कालवणात आहे. बांगडा स्वस्त, त्यातील मेद हृदयास हितकर, आणि कालवणात तो तळावा लागत नाही. तळलेलाच हवा असेल तर तव्यावरचा मागावा. गोव्याच्या घरगुती खानावळींतून मिळणारा उकडा तांदूळ, जो शहरी पाहुणे त्याच्या जाड दाण्यामुळे नाकारतात आणि पांढरा भात मागून घेतात, तो आवर्जून खावा. मॅकॅरिसन ज्या बेरीबेरीचा शोध घेत होते, तो रोग पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना होत असे. भात सालीसकट उकडताना त्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते आणि सडल्यावरही टिकते, म्हणून उकडा तांदूळ खाणाऱ्या लोकवस्त्या त्या रोगातून वाचल्या. शेवटी सोलकढी घ्यावी. बाटलीतले शीतपेय टाळावे, कारण त्यात दर १०० मिलिलिटरला सुमारे दहा ग्रॅम साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने अशा वरून घातलेल्या साखरेचा दिवसाचा इष्ट कोटा २५ ग्रॅमच्या आसपास आहे.

कायद्याने गिऱ्हाइकाला दिलेले काही हक्क आहेत, ते मात्र फारच थोडे लोक बजावतात. १ जुलै २०२२ पासून, ज्या उपाहारगृहांच्या दहा किंवा अधिक शाखा आहेत त्यांना प्रत्येक पदार्थासमोर त्याच्या कॅलरी छापणे बंधनकारक आहे. तो आकडा किमतीइतकाच काळजीने वाचावा. प्रत्येक उपाहारगृहाचा चौदा आकडी परवाना दर्शनी भागी लावलेला असला पाहिजे, आणि तो क्रमांक पावतीवरही असावा लागतो. अन्न गरम म्हणजे साठ अंशांहून अधिक गरम असावे. कोमट अन्न नाकारण्यास संकोच करू नये. विशेषतः सकाळी शिजवून ओट्यावर ठेवलेल्या भाताचा संध्याकाळी केलेला फ्राईड राईस टाळावा, कारण तांदळात असणाऱ्या बॅसिलस सेरियस या जंतूची बीजे शिजवूनही मरत नाहीत, उबेत ती वाढीस लागतात, आणि त्यांनी निर्माण केलेले वांतिकारक विष पुन्हा कितीही परतले तरी नष्ट होत नाही.

मिठाबद्दल रक्तदाबाच्या रुग्णांनी इतके ध्यानात ठेवावे की, दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा आहे, आणि पापड, लोणचे, चटणी व सूप यांनी ती जेवण सुरू होण्यापूर्वीच गाठली जाऊ शकते. मधुमेह्यांची अडचण मात्र याहून नाजूक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यातील जे इन्सुलिन टोचून घेतात, किंवा ग्लिमेपिराइडसारखी, अन्न पोटात नसले तरी इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडणारी गोळी घेतात, त्यांच्यापैकी अनेकजण घरातून निघतानाच औषध घेतात आणि मग हॉटेलात टेबलासाठी तास-दीड तास ताटकळत उभे राहतात. हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आणि बोलण्यात गोंधळ ही साखर घसरल्याची लक्षणे असून, त्या वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून ताबडतोब प्यावयास द्यावी; डाएट पेये तेथे निरुपयोगी. असा प्रसंग येऊ नये म्हणून, बाहेर जेवावयाचे असेल त्या दिवशी औषध किती वाजता घ्यावे हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे, जेवणास उशीर होणार असे दिसल्यास निघण्यापूर्वी मूठभर फुटाणे किंवा एखादे फळ खावे, आणि सोबत बसलेल्या एका तरी माणसाला आपला आजार सांगून ठेवावा.